अकरा हजार बाकी

सगळ्यांनी सांगितलं, शेजाऱ्याला काम देऊ नका.
बिघडलं तर बोलता येत नाही,
चांगलं झालं तर तो जन्मभर बघत राहतो.
तरी दिलं.
धायरीत अर्ध्या गुंठ्यावर
भिंतीला भिंत लावून राहणाऱ्याला
दुसरा कोण परवडणार?

मल्हारी धोत्रे बनियनवरच आले,
गच्ची पावलांनी मोजली,
म्हणाले, अकरा बाय नऊ. कॉट बसेल, कपाट बसेल.
जरा थांबून, टेबलपण.
खोली कुणासाठी, ते विचारलं नाही.
फाल्गुनात पोरगी दोन बॅगा आणि कुकर घेऊन परत आली
तेव्हा रिक्षातून कुकर
त्यांनीच उतरवून घेतला होता.

कोटेशन लाइट बिलाच्या पाठीवर.
माझ्याच लाइट बिलाच्या.

वैशाखभर मग विटा, क्रश सँड, सातच्या ठोक्याला घमेलं.
दहाचा चहा आमचा.
एक वाजता यमुनाबाईंची झाकलेली वाटी यायची,
ती रिकामी परत कशी द्यायची
म्हणून आमचीही काहीतरी जायची.
रात्री अकराला भिंतीपलीकडून आवाज:
"पाणी मारलं का?"
आणि पस्तीस वर्षं पोस्टात शिक्के मारलेला मी
लुंगी खोचून पाईप धरून उभा,
ओल्या सिमेंटचा वास घेत.

भांडण खिडकीवरून झालं.
मी म्हटलं, एक पुरे, दक्षिणेला.
ते म्हणाले, दोन. समोरासमोर. हवा खेळती राहील.
उत्तरेला तर तुमची गच्ची, मी म्हटलं,
पोरीनं काय तुमचे वाळत घातलेले टॉवेल बघायचे?
त्यांनी ओळंबा सोडला होता.
तो डोलायचा थांबेपर्यंत बोलले नाहीत.
मग दोन केल्या.
आणि समोरासमोर कुठल्या,
एक चांगली हातभर सरकलेली.
ओळंबा कळतो तुम्हाला, ओळ कळत नाही,
असं मी गवंड्यांदेखत म्हटलं
आणि अकरा हजार अडवले.

दसरा गेला. फराळाचं ताट गेलं, आलं.
करंज्यांखाली हिशेब तसाच.

मार्गशीर्षात बायकोनं पाकीट हातात कोंबलं.
त्यांच्या गच्चीवर मी पहिल्यांदाच चढलो.
यमुनाबाई कठड्यावरची गोधडी काढत होत्या,
गालाला लावून म्हणाल्या, गारच.
यंदा ऊन इकडं येतच
आणि मला बघून गप्प झाल्या.

दक्षिणेला माझी खोली उभी होती.
वैशाखात सूर्य डोक्यावर, सावली पायाखाली,
तेव्हा मला कुठलं कळायला.
पण ज्याचं आयुष्य उन्हात गेलं
त्याला ठाऊक नव्हतं, असं कसं म्हणू?
स्वतःच्या थापीनं
एकेक वीट लावत गेला माणूस.

कोपऱ्यात प्लॅस्टिकची खुर्ची, तोंड माझ्या भिंतीकडे.
काय बघता इथून?
"सिंहगडावरचा टॉवर. लाल दिवा लागतो ना वर.
आमचा बा होता तिथं, सिमेंट वाहायला."

मी खुर्चीत बसून पाहिलं.
एक खिडकी, तिच्यातून हातभर सरकलेली दुसरी,
तिच्यातून पलीकडे
अगदी नेमका गड असायला हवा होता.
मध्ये पडदा होता.
चॉकलेटी, जाड, तुळशीबागेतला.
पोरीनं पहिल्याच आठवड्यात हातानं टिपून लावलेला,
कुणी बघायला नको म्हणून.

त्यांनी पाकीट मोजलं नाही.
"पडदा चांगलाय," म्हणाले. "थंडीला बरा."

घरी येऊन वर गेलो, दारात उभा राहिलो.
ती टेबलाशी काहीतरी लिहीत होती.
काय बाबा?
काही नाही. हवा खेळती आहे ना?
आहे की, ती म्हणाली,
आणि उठून
खिडकी नीट लावून घेतली.